चेसिस उभी करताना

छात्रमित्रांनो, म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवसाहतीसाठी जमीन दिली, तेच हे बंगळूरजवळचे व्हाइटफील्ड. आता इथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या सर्व्हर रूममध्ये स्विच-राउटर बसवणे हे माझे काम.

घरच्या राउटरमध्ये सगळे एकाच डबीत असते. एक भाग गेला की डबीच बदलायची. हजारो माणसे ज्या यंत्रावर अवलंबून आहेत तिथे हे परवडत नाही. म्हणून खाचा असलेली लोखंडी पेटी वापरतात, तिला चेसिस म्हणतात. तिच्यात लाइन कार्डे, पंख्यांचा ट्रे, दोन पॉवर सप्लाय आणि यंत्राचा मेंदू असलेली दोन सुपरवायझर कार्डे बसतात. यातला एखादा भाग बंद पडला तरी पेटी चालू राहावी, अशी ही रचना आहे. ती खरोखर चालू राहील की नाही, हे मात्र बसवणाऱ्यावर ठरते.

रॅक १९ इंची. उंची ‘यू’मध्ये मोजतात; एक यू म्हणजे १.७५ इंच. चेसिस नेहमी रिकामी करून उचलायची, आणि तीही एकट्याने नाही. पॉवर सप्लायची मूठ तो भाग ओढण्यापुरती असते. तिला धरून पेटी उचलू नये. रॅकवर पेटी घट्ट बसली की वीज जोडण्याआधी अर्थिंग.

मग मनगटाला अर्थिंगचा पट्टा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. काही चिप मात्र १०० व्होल्टच्या आतही खराब होतात. म्हणजे कार्ड बिघडेल आणि तुम्हाला कळणारही नाही. या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोधक असतो. तो कशाला? ओहमचा नियम लावून पाहा: चुकून २३० व्होल्टला हात लागला, तरी पट्ट्यातून ०.२३ मिलिअँपिअरच प्रवाह जाईल.

कार्ड खाचेत सरळ सरकवायचे आणि दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबायचे. अडले तर जोर लावू नका, बाहेर काढून बघा. मागच्या बॅकप्लेनची एक पिन वाकली तर नुसते कार्ड नव्हे, पेटीच बदलावी लागू शकते. रिकाम्या खाचांना झाकणे लावायचीच, नाहीतर हवा तिथूनच पळते आणि कार्डे तापतात.

आता मुख्य गोष्ट. एका कार्यालयात जुनी चेसिस बदलायला गेलो होतो. दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे, वर्षानुवर्षे तसेच. मी वायरी हाताने चाचपत मागे गेलो, तर दोन्ही एकाच पट्टीत खोचलेल्या! त्या लाइनचा एमसीबी पडला असता तर तीन मजले एकदम बंद झाले असते. हिरवा दिवा एवढेच सांगतो की आत्ता वीज येते आहे. कुठून येते ते सांगत नाही. म्हणून एक वायर ‘ए’ लाइनला, दुसरी ‘बी’ला, आणि दोन्ही शेवटपर्यंत तपासलेल्या.

बेरीजही करावी लागते. समजा प्रत्येक सप्लाय ३,००० वॅटचा आहे आणि कार्डांना ३,५०० वॅट लागतात. दोन्ही चालू असेपर्यंत सारे ठीक. एक गेला की दुसऱ्याला तो भार पेलत नाही, आणि काही कार्डे तरी बंद होणारच. म्हणजे इथे राखीव असे काहीच नाही.

सुरुवातीची मांडणी कन्सोल केबलने करतात. बऱ्याच यंत्रांवर वेग ९६००. आत गेल्यावर सगळी कार्डे यादीत दिसतात का आणि दुसरे सुपरवायझर ‘स्टँडबाय’ला तयार आहे का, ते पाहायचे. तुमच्याकडच्या सेकंड-इन-कमांडसारखेच ते; मुख्य कार्डाजवळचा नकाशा त्याच्याकडेही हवा.

हे झाल्यावर मी लॅपटॉपवर पिंग चालू ठेवतो आणि ‘ए’ लाइन मुद्दाम बंद करतो. ग्राहक दचकतात. “चालू यंत्र कशाला बंद करताय?” अजून कोणी कामाला बसलेले नाही, म्हणूनच. पिंग तुटता कामा नये. मग ‘ए’ चालू करून ‘बी’ बंद. शेवटी मुख्य सुपरवायझर थांबवून दुसरे किती वेळात ताबा घेते ते घड्याळ लावून मोजतो आणि तो आकडा तारखेसह हस्तांतराच्या कागदावर लिहून सही घेतो.