लिहिलेले वाचून पाहावे

आपल्या स्मरणिकेत रोगनिदान व औषधोपचार यांविषयी अधिकारी मंडळी लिहीत असतातच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दवाखान्यातील नोंदींचे जतन हा आहे. कारण तो धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला.

माझ्या इंदूरच्या दवाखान्यातील संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. दर महिनाअखेरीस रुग्णांच्या सर्व नोंदी बाह्य बर्नरने डीव्हीडीवर उतरवून, तारीख घालून मी कपाटात ठेवीत असे. एके दिवशी हार्ड डिस्क निकामी झाली. त्याच आठवड्यात एक वृद्ध बाई आल्या. पूर्वी कोणत्याशा औषधाने त्यांचे अंग सुजून श्वास कोंडला होता, नाव आठवेना. "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे लिहिलेलं असेलच की," त्या विश्वासाने म्हणाल्या. मी तबकडी घातली. ती वाचली जाईना. त्याआधीचीही तशीच. तिसरीवर 'पेनिसिलिन' ही नोंद सापडली. वर्षानुवर्षे मी तबकड्या लिहीत होतो. एकही वाचून पाहिली नव्हती.

शोध घेता कारण साधे निघाले. बाह्य बर्नर बहुधा यूएसबी तारेतूनच वीज घेतो. यूएसबी २.० च्या जोडणीतून ५०० मिलिअँपिअर प्रवाह अपेक्षित असतो. लेखनाच्या वेळी बर्नरची गरज त्याहून वाढू शकते. मी तो इतर उपकरणांसह एकाच हबला जोडीत असे.

तेव्हापासून पुढील क्रम पाळतो :

१. रुग्णांची गोपनीयता राखण्यासाठी नोंदी प्रथम 'जीपीजी'ने कूटबद्ध करतो. परवलीचा शब्द बंद पाकिटात, तबकडीपासून दूर ठेवतो.

२. प्रत्येक फाइलचा 'शा-२५६' ठसा काढून त्याची यादी सोबत ठेवतो. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

३. बर्नर थेट संगणकाला जोडतो. लिनक्समध्ये तो सहसा 'एसआर०' या नावाने दिसतो.

४. 'केथ्रीबी'मध्ये मध्यम वेग निवडतो आणि लेखनानंतर पडताळणी करण्याच्या पर्यायावर खूण करतो. डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी; ती काठोकाठ भरीत नाही.

५. तबकडी बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडतो व ठसे यादीशी ताडून पाहतो. एक फाइल उलगडून वाचतो.

६. एक प्रत दवाखान्यात, दुसरी घरी. दोन्ही उन्हापासून दूर, उभ्या ठेवतो. दरवर्षी त्या पुन्हा तपासतो.

हार्ड डिस्क स्वस्त असताना तबकडीचा हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले. संगणकाला सतत जोडलेली डिस्क अशा वेळी त्याच्यासवेच बाधित होऊ शकते. एकदाच लिहिता येणाऱ्या, कपाटातील तबकडीवरचा मजकूर मात्र कोणाला बदलता येत नाही. अर्थात तबकडी एकमेव आधार नसावी. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत अन्यत्र, हा संकेत उत्तम.

आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. परंतु त्या बाईंची नोंद त्याहून जुनी होती, आणि तिची गरज त्या दिवशी पडली.

सन्माननीय सभासदांना एकच विनंती : येत्या रविवारी आपल्या कपाटातील एक जुनी तबकडी काढा आणि उघडून पाहा.