ज्याचं ताट आपल्या हातात आहे

आज गीतेचा अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हे श्लोक आपण स्वतःच्या ताटासाठी वाचतो. पण ज्याचं ताट आपल्या हातात आहे, त्याचं काय? घरात समुद्री मासे आणि प्रवाळांचा टँक असेल, तर हा प्रश्न रोजचाच.

टँकजवळ गेलं की क्लाउनफिश काचेशी येऊन नाचायला लागतो. आपल्याला वाटतं, बिचारा उपाशी! तसं नसतं हो. माणूस दिसला की खाणं येतं, एवढं तो शिकलेला असतो. त्याच्या नाचण्यावरून माप ठरवू नका. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलेलं खडकांच्या फटीत सडतं, त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. फॉस्फेटही वाढतं. मग नको ते शेवाळ माजतं आणि प्रवाळ तपकिरी पडायला लागतात. म्हणजे लाड आपले, भोग त्यांचे.

फ्रोझन मायसिस असेल तर टँकच्याच वाटीभर पाण्यात विरघळू द्या, गाळून घ्या, ते पाणी फेका आणि मग घाला. प्रवाहाचे पंप तेवढ्यापुरते बंद ठेवा. (नंतर आठवणीने सुरू करा बरं का!)

सगळ्यांचं माप सारखं नसतंच. टँग हा दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत फिरणारा. त्याला बिनमसाल्याची नोरी क्लिपला लावून द्या. अँथियासला थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याचदा लागतं.

खायला घालायची वेळ हीच खरी बघायची वेळ. मोबाईल बाजूला ठेवा. कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, ते बघा. पोट आत गेलंय? कल्ले भराभर हलतायत? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके? नाचणारा मासा लक्ष वेधून घेतो, आजारी मासा मात्र गुपचूप मागे राहतो.

आणि मँडरिन! निळ्या-केशरी नक्षीचा, शांत. तो खडकावरचे बारीक कोपेपॉड टिपत हळूहळू फिरतो. पुष्कळ मँडरिन फ्रोझन खाण्याकडे बघतही नाहीत. वर चिमटी चिमटी खाणं पडतंय, बाकीचे गुटगुटीत झालेत, आणि हा भरल्या घरात उपाशी मरतो. मला तर ही त्या श्लोकाची दुसरी बाजू वाटते.

म्हणून दुकानात रंगाला भुलू नका. ‘हा फ्रोझन खातो का? आत्ता खाऊन दाखवू दे,’ असं सरळ म्हणा. नाही खाल्लं तर त्याला तिथेच राहू द्या. घरी रात्री टँकचे दिवे गेल्यावर काचेवर टॉर्च मारा. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव झुंडीने सरकताना दिसतायत का? नसतील, तर अजून काही महिने टँक मुरू द्या.