वर्गणीतून झालेली फळी

जपानात क्योतो नावाचे जुने शहर आहे. तेथल्या मुई लॅब या कंपनीने भिंतीवर लावायची एक लाकडी फळी केली. दिसायला साधी फळीच. पण बोट लावले की लाकडातून उजेडाची अक्षरे उमटतात. हवामान कळते, घरातला दिवा लागतो. काम झाले की अक्षरे मावळतात. आम्हांला ही गोष्ट फार आवडली.

२०१८ साली या फळीसाठी लोकांकडून वर्गणी मागितली, ती किकस्टार्टरवर. ही इंटरनेटवर वर्गणी जमवायची जागा. अमेरिकेत २००९ साली निघाली. ठरलेली रक्कम पुरी जमली तरच पैसे कापतात, नाहीतर एक पैसाही नाही.

मात्र ही दुकानातली खरेदी नव्हे बरं का! पैसे आधी जातात, वस्तू मागाहून घडते. कधी उशीर होतो, कधी वस्तू हाती पडतच नाही. मोहोर बघून आंब्याची बाग घेण्यातलाच हा प्रकार.