जुनी इमारत, नवा धंदा : सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कॅनरी’चा धडा

कारखाना बंद पडला की इमारत पाडायची आणि जागा विकायची, असाच हिशेब आपल्याकडे बहुधा मांडला जातो. त्या हिशेबात उभ्या भिंतींची किंमत धरलीच जात नाही. म्हणून अमेरिकेतील एका कारखान्याची हकिकत व्यापारी व कारागीर बांधवांनी अभ्यासण्यासारखी आहे.

१९०६ च्या भूकंपाने व आगीने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, ‘कॅलिफोर्निया फ्रूट कॅनर्स असोसिएशन’ने बंदराजवळ विटांची भक्कम इमारत बांधली. अनेक कॅनरी-मालकांनी १८९९ मध्ये एकत्र येऊन ही कंपनी काढली होती. येथे पीचसारखी फळे डबाबंद होत. ‘डेल माँटे’ हे नाव याच कंपनीच्या मालाने दूरवर पोहोचले. मंदीच्या दशकात, १९३७ साली, कारखाना बंद पडला.

१९६३ मध्ये लिओनार्ड मार्टिन यांनी ही इमारत विकत घेतली व ती पाडली जाण्यापासून वाचली. जवळच गिरार्डेली चॉकलेटचा जुना कारखाना विल्यम रॉथ यांनी विकत घेऊन १९६४ मध्ये बाजार म्हणून खुला केला होता. कॅनरीचे काम वास्तुविशारद जोसेफ एशरिक यांच्याकडे आले. त्यांनी बाहेरच्या विटांच्या भिंती राखल्या आणि आत काँक्रीटचा नवा तीन मजली सांगाडा उभारला. जिने, पूल व वळणावळणाच्या वाटा काढून लहान लहान गाळे पाडले. ग्राहक फिरत फिरत प्रत्येक दुकानापर्यंत पोहोचावा, हा त्यामागील हेतू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा बाजार सुरू झाला.

मात्र नाणे एकाच बाजूचे नसते. असा बाजार पर्यटकांवर अवलंबून असतो. पुढे दुकानांचा जोर ओसरला आणि २०१० च्या सुमारास ही वास्तू एका कला विद्यापीठाकडे गेली. धंदे बदलले, पण भिंती तिसऱ्यांदा कामी आल्या.

भिवंडी-मालेगावात जुनी लूमची शेड किंवा गोदाम हाती असणाऱ्यांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

एक : पाडण्यापूर्वी इंजिनिअरकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी. वापर बदलायचा असल्यास नगरपालिका वा महानगरपालिकेची आणि अग्निशमन खात्याची परवानगी आधी घ्यावी.

दोन : गाळा भाड्याने घेताना तोंडी बोलीवर विसंबू नये. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. जागा वक्फची असेल तर वक्फ मंडळाच्या मंजुरीवाचून करार करू नये.

तीन : केवळ हंगामी गिऱ्हाइकावर भाड्याचा बोजा उचलू नये. मोहल्ल्यातील रोजचा ग्राहक किती, हे आधी मोजावे.

इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, इस्लामला मान्य नाही. वडिलांनी घाम गाळून बांधलेली मजबूत भिंत तपासणीविना पाडणे हीदेखील उधळपट्टीच आहे. हिशेब नीट मांडला तर तीच भिंत, इन्शाअल्लाह, पुढच्या पिढीलाही रोजी देईल.