बेटावरचे जळके तेल
प्रश्न : घारापुरीत होड्यांचे जळके तेल व निकामी बॅटऱ्या गावाबाहेर पुरण्यास कायद्याची हरकत आहे काय?

उत्तर : आहे. जेथे गोड्या पाण्याचा भरवसा पर्जन्यावर, तेथे शिसे नि आम्ल जमिनीत मुरू देणे कायद्याआधी शहाणपणालाच सोडून होय. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी वापरलेले तेल अशा कचऱ्यात गणले असून, ते साधारणतः ९० दिवसांहून अधिक न साठवता परवानाधारक प्रक्रियाकाराच्याच हवाली करावे, अशी तजवीज आहे. बॅटऱ्यांची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकल्याने त्या संकलनासाठी परत कराव्यात. खरी मेख खाडी ओलांडण्याच्या भाड्यात! म्हणून ग्रामपंचायतीने धक्क्यानजीक छपराखाली, सिमेंटच्या कठड्याआड, झाकणबंद पिंपे ठेवावीत, आणि ९० दिवसांची मुदत सांभाळून, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, सर्व होडीवाल्यांचा माल एकाच खेपेत उरणला रवाना करावा.