रिलीजर हाताच्या मापाने निवडावा

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथे भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी एकाच दिवशी कंपाउंड धनुर्विद्येची वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली, ओजसने तर अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले, आणि तेव्हापासून माझ्या पाहण्यातल्या मैदानांवर कंपाउंड धनुष्य हाती घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची वर्दळ वाढली आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाल्याने ती इतक्यात ओसरेल असेही दिसत नाही. हे पालक धनुष्याची चौकशी मोठ्या बारकाईने करतात, बाणांचे वजन, साइटचे भिंग, स्टॅबिलायझरची लांबी यांविषयी चार ठिकाणी विचारपूस करतात आणि प्रसंगी कर्ज काढून रकमेची तजवीजही करतात. परंतु प्रत्यंचा ज्याच्या आधाराने ओढावयाची आणि ज्याच्याकडून सोडवावयाची, तो मुठीत मावणारा रिलीजर मात्र यादीच्या अगदी शेवटी, दुकानात जो शिल्लक असेल तो, अशा रीतीने घेतला जातो. या अनास्थेची किंमत मला मोजावी लागली. ती इतरांना मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

या लहानशा जिनसाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी कंपाउंड धनुष्याचा स्वभाव जाणून घ्यावयास हवा. लक्ष्य 50 मीटरांवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 8 सेंटिमीटर. धनुष्याच्या दोन्ही टोकांना बसविलेल्या कॅम नामक विकेंद्री चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली गेल्यावर बराचसा भार उतरतो. धनुष्य 50 पाउंडांचे असून 75 टक्के भार उतरत असेल, तर धनुर्धराच्या हाती साडेबारा पाउंडच उरतात. या सवलतीमुळे नेम स्थिर करण्यास अवधी मिळतो खरा, पण हलक्या ताणावर धरलेली दोरी बोटांच्या किंचित ओढाताणीनेही बाजूला सरते, आणि म्हणून कंपाउंड प्रकारात बोटांनी दोरी न धरता तिच्यावर बांधलेल्या डी-लूपमध्ये रिलीजरची आकडी अडकविण्याची रीत पडली. दोरी आणि देह यांच्यामध्ये काहीतरी असावे ही गरज पुरातन आहे. महाभारतातील वीरांच्या वर्णनात घोरपडीच्या कातड्याचे अंगुलित्राण येते. मोगल काळात अंगठ्यात घालावयाची दगडी किंवा धातूची अंगठी रूढ होती, आणि शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अशी अंगठी ज्याच्या त्याच्या अंगठ्याच्या मापानेच घडवावी लागे, कारण सैल झाली तर ती फिरते आणि घट्ट झाली तर बोट सुजविते. आजचा रिलीजर यंत्रावर घडतो, त्याला स्प्रिंगा आणि स्क्रू असतात. परंतु मापाचा तो जुना दंडक त्यालाही तंतोतंत लागू आहे.

मी कंपाउंडकडे वळले ती तिशी उलटल्यावर. माझा हात लहान, बोटे सडपातळ. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने मला तीन बोटांचा, अंगठ्याने बटण दाबावयाचा रिलीजर दिला, तो मोठ्या मापाचा होता. बोटे नीट बसत नाहीत आणि अंगठा बटणापर्यंत जेमतेम पोहोचतो, अशी शंका मी तेथेच बोलून दाखविली; त्यावर ‘ताई, सगळ्यांना हाच देतो, हाताला सवय होते’ असे उत्तर मिळाले आणि लहान मापाचा नमुना दाखविण्याची तसदीही घेतली गेली नाही. सवय झाली, पण ती भलतीच. अंगठ्याचे टोकच काय ते बटणाला लागत असल्याने साइटचा ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात शिरला रे शिरला की अंगठा बटणावर झडप घाली, त्या झटक्यासरशी सारा पुढचा हात आवळे आणि बाण खाली, बाजूला, वाटेल तिकडे जाई. काही महिन्यांनी याहून वाईट अवस्था आली: ठिपका पिवळ्याच्या कडेशी येऊन थबके आणि मध्यभागी न्यावा म्हटले तरी हात तो नेईना. धनुर्धर ज्याला टार्गेट पॅनिक म्हणतात, ती हीच व्याधी. मन आणि अंगठा यांचा एकमेकांवरचा विश्वास उडालेला असतो, आणि तो परत मिळविणे हे नवे तंत्र शिकण्याहून कितीतरी कठीण असते.

निदान केले ते एका वयोवृद्ध प्रशिक्षकांनी. त्यांनी लक्ष्याकडे पाहिलेच नाही. मी धनुष्य पूर्ण ओढून धरले असता ते माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि हाताच्या पाठीकडे पाहत राहिले. मग माझी बोटे उघडून त्यांवर उमटलेले वळ त्यांनी दाखविले. तर्जनीच्या टोकाशी खोल, लालभडक रेघ होती, मधल्या बोटावर पुसट, आणि अनामिकेवर जवळजवळ काहीच नव्हते. साराच भार एका बोटाच्या टोकावर तोलला जात होता, म्हणून हाताची पाठ कमानीसारखी उचलली जाई आणि मनगट वळे. ‘तुमचा अंगठा बटणावर टेकतच नाही, तो तिथवर उडी मारतो. दोष नेमाचा नाही, मापाचा आहे,’ असे सांगून त्यांनी आपल्या पेटीतून लहान मापाचा रिलीजर काढून दिला, आणि त्या बदलातून मला जे उमगले त्याचे सार पुढे देत आहे.

पहिली गोष्ट बोटांची. बोटाच्या टोकाकडून पाहता पहिल्या आणि दुसऱ्या सांध्यांच्या दरम्यान रिलीजरची खाच बसली पाहिजे, बोटे आकड्यासारखी वळलेली पण मूठ न आवळलेली, आणि हाताची पाठ मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत सपाट. माप मोठे असेल तर बोटे टोकांवर लोंबकळतात. माप लहान असेल तर ती एकमेकांत चेपली जातात आणि तळहात आपोआप आवळतो. आपल्याकडे जुना कासार हात हातात घेऊन, दाबून पाहून मगच बांगडी निवडतो. रिलीजर विकणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा धरावी, आणि तो ती पुरी करीत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. सरावानंतर बोटांवरचे वळ पाहण्याची सवय लावून घ्यावी: तीन बोटांवर साधारण सारख्या खोलीचे, एका सरळ ओळीत उमटलेले वळ ही योग्य मापाची सर्वांत विश्वसनीय साक्ष आहे. चार बोटांचा रिलीजर काहींना अधिक स्थिर वाटतो. परंतु ज्याची करंगळी तोकडी आहे त्याने तिला ओढून ताणून कामाला लावू नये, कारण ती ओढू लागली की अख्खा रिलीजर तिरपा होतो.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. बटणाचा दांडा बहुतेक रिलीजरांत पुढेमागे सरकविता येतो. तो असा लावावा की अंगठ्याचे टोक त्यावर न येता अंगठ्याचा मधला, सांध्याजवळचा मांसल भाग त्याला वेढून विसावेल. मग बटण दाबावे लागत नाही, पाठीच्या स्नायूंनी कोपर मागे जात राहते आणि अंगठ्यावरचा भार वाढत जाऊन बाण सुटतो. बटणाची स्प्रिंग फार हलकी ठेवण्याचा मोह नवशिक्यांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. अंगठा निर्धास्तपणे टेकविता येईल इतकी ती जड असलीच पाहिजे, नाहीतर स्पर्शाच्या भीतीने अंगठा हवेत राहतो आणि अखेर झडप घालतो.

तिसरी गोष्ट प्रकारांची. मनगटाला पट्टा बांधून तर्जनीने चाप ओढावयाचा रिलीजर आरंभी सोपा वाटतो, कारण भार पट्ट्यावर येतो आणि हात मोकळा राहतो. त्यातही पट्ट्यापासून आकडीपर्यंतची लांबी इतकी कमी करावी की चाप तर्जनीच्या टोकाशी न येता पहिल्या सांध्याच्या आत येईल. हिंज नावाच्या प्रकाराला चाप नसतोच. हाताचा भार तर्जनीकडून इतर बोटांकडे सरकत जातो तसा तो फिरतो आणि ठराविक कोनाला दोरी सुटते. ओढीवर सुटणाऱ्या प्रकारात धरावयाच्या भारापेक्षा दोनतीन पाउंड अधिक ओढ लागली की आकडी उघडते, आणि म्हणून धनुष्याचा भार बदलला की त्याची जुळणी नव्याने करावी लागते. हे शेवटचे दोन्ही प्रकार टार्गेट पॅनिकवर गुणकारी आहेत, कारण सुटण्याचा नेमका क्षण ठरविण्याचा अधिकार ते बोटांकडून काढून घेतात. मला स्वतःला हिंजने सावरले. तथापि चुकीच्या मापाचा हिंज हा चुकीच्या मापाच्या बटणाहून धोक्याचा, ही ताकीद देणे मी कर्तव्य समजते.

तो धोका असा. हिंज ओढताना भार तर्जनीच्या बाजूला ठेवावा लागतो आणि अंगठा त्याच्या खुंटीवर टेकवून ठेवावा लागतो. खाच सैल असेल आणि धनुष्य ओढतानाच बाकीची बोटे पुढे सरसावली, तर दोरी अर्ध्या वाटेत सुटते, ओढणारा हात थेट ओठांवर किंवा दातांवर आदळतो आणि बाण कोठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून नवा रिलीजर, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, धनुष्यावर चढविण्याआधी मजबूत दोरीच्या फाशावर शिकावा. आपल्या ओढीच्या लांबीचा फास बांधावा, एक टोक धनुष्याच्या हाती धरावे, दुसऱ्यात आकडी अडकवावी आणि खांदे, कोपर, हनुवटी यांची ठेवण खरीखुरी ठेवून शेकडो वेळा तो सोडावा. तेथे हात निर्भय झाला की मगच लक्ष्याजवळ, दोनतीन मीटरांवर उभे राहून बाण सोडावेत. बाण न सोडता ओढलेली दोरी सावकाश परत आणण्याचा सरावही याच टप्प्यावर करावा, कारण अर्ध्यातून मागे येण्याची खात्री असल्याखेरीज कोणी शांतपणे नेम धरीत नाही.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. रिलीजर बदलला की ओढीची लांबीही बदलते. मानेला आखूड असलेला रिलीजर हात पुढे आणतो, लांब मानेचा मागे नेतो. मग जबड्याला टेकणारी बोटांची गाठ जागा सोडते, दोरीत बसविलेल्या पीपच्या छिद्रातून साइट पूर्वीसारखी दिसत नाही, आणि बिचारा धनुर्धर साइटच्या स्क्रूंशी झटत बसतो. नव्या रिलीजरसह आधी हनुवटीखालची, जबड्यावरची जागा निश्चित करावी, तिच्याशी जुळेल अशी धनुष्याच्या ओढीची लांबी आणि डी-लूप करून घ्यावे, आणि सर्वांत शेवटी साइटला हात लावावा.

खरेदीच्या वेळी म्हणून माझा आग्रह एकच: रिलीजर तळहातावर तोलून घेऊ नये, स्वतःच्या धनुष्यावर, पूर्ण ओढून घ्यावा, आणि बाजूला जाणता माणूस उभा करून त्याला हाताची पाठ पाहावयास सांगावे. विक्रेता एवढी मुभा देत नसेल तर मैदानावरील सहकाऱ्यांचे वेगवेगळ्या मापांचे रिलीजर मागून पाहावेत. धनुर्धर या बाबतीत उदार असतात. ओजसच्या किंवा आदितीच्या छायाचित्रातला रिलीजर हेरून तोच मागविणे हे कौतुकाचे लक्षण असले तरी निवडीचा आधार होऊ शकत नाही, कारण तो त्यांच्या हाताला बसलेला असतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी अनेक मापांत मिळणारा, दांडा आणि चाप बदलता येणारा प्रकार घ्यावा, आणि दर हंगामाच्या आरंभी माप पुन्हा तपासावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात बोटे फुगतात आणि घामाने धातू निसटतो, हेही हिशोबात धरावे. जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमानुसार रिलीजर धनुष्याला जोडलेला नसावा आणि त्यात विजेचे वा इलेक्ट्रॉनिक साधन नसावे, एवढी खातरजमा करून घ्यावी. आळीपाळीने बाण सोडावयाच्या सामन्यात एका बाणासाठी 20 सेकंदच मिळतात, तेव्हा त्याच मापाचा आणि तशाच जुळणीचा दुसरा रिलीजर कमरेच्या पिशवीत असणे ही चैन नसून गरज आहे.

ज्यांचे अंदाजपत्रक तुटपुंजे आहे अशा पालकांना मी निःसंकोचपणे सांगेन की, धनुष्य एक पायरी उतरते घेतले तरी चालेल, पण रिलीजर मापाचाच घ्या. साधे धनुष्य पुढे बदलता येते, विकता येते. चुकीच्या मापाने अंगात मुरविलेली झडप मात्र विकता येत नाही, ती वर्षानुवर्षे पुरते आणि मुलाला वाटत राहते की आपल्यातच काही उणे आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत हा गैरसमज टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारी गोष्ट दुकानात मिनिटभर धनुष्य ओढून उभे राहण्याइतकी अल्प आहे.