चार अक्षरे आणि सात रांगा

या स्मरणिकेत वसतिगृहाच्या, गुरुजनांच्या आणि सोबत्यांच्या आठवणी येतीलच. इंग्रजी शिकविणाऱ्या आम्ही शिक्षकांनी मात्र वर्गातील एक पाठच येथे मांडायचे ठरविले आहे. माजी विद्यार्थ्यांना तो ओळखीचा वाटेल. पालकांना तो घरी घेता येईल.

एकदा सहावीतील एक मुलगी धडा वाचत होती. टी-एच-ओ-यू-जी-एच हा शब्द तिने ‘दफ’ असा वाचला आणि वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस तिने मोठ्याने वाचले नाही. आम्ही विचार केला तेव्हा ध्यानात आले, की आदल्याच दिवशी ती ‘रफ’ आणि ‘टफ’ हे शब्द शिकली होती. शिकलेला नियम तिने प्रामाणिकपणे पुढे चालविला होता. तर्क तिचा बरोबर होता. वाट वाकडी होती ती स्पेलिंगची. हे तिला आणि हसणाऱ्यांनाही कळावे, म्हणून संध्याकाळच्या अभ्यासिकेत आम्ही ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे असलेले शब्द शोधायला बसलो.

शब्दकोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. मध्ये किंवा शेवटी असलेली अक्षरे त्यात थेट सापडत नाहीत. म्हणून मुलांना एक रीत दिली: या चार अक्षरांआधी एकेक व्यंजन क्रमाने लावायचे आणि झालेला शब्द कोशात पडताळायचा. बी लावले, ‘बाऊ’ मिळाला, म्हणजे फांदी. सी लावले, ‘कॉफ’ म्हणजे खोकला. डी लावले, ‘डो’ म्हणजे मळलेले पीठ. एफ लावले, शब्द नाही. मग जोड-व्यंजने घेतली आणि ‘प्लाऊ’, ‘थ्रू’ हाती आले. शेवटी नंतर टी जोडून पाहिला, तेव्हा मघाशी सोडून दिलेल्या एफचा ‘फॉट’ झाला! एका पायरीवर टाकलेले अक्षर पुढच्या पायरीवर पुन्हा तपासावे, हा धडा तेथे आपोआप मिळाला.

सापडलेले शब्द उच्चाराप्रमाणे फळ्यावर मांडले, तेव्हा सात रांगा भरल्या:

1. ‘ओ’ : दो (जरी), डो
2. ‘ऊ’ : थ्रू (मधून)
3. ‘आऊ’ : बाऊ, प्लाऊ (नांगर), ड्राऊट (दुष्काळ)
4. ‘अफ’ : रफ, टफ, इनफ (पुरेसे)
5. ‘ऑफ’ : कॉफ, ट्रॉफ (जनावरांची द्रोणी)
6. ‘ऑ’ : थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट
7. शेवटी पुसटसा ‘अ’ : थर (संपूर्ण), बर (नगरविभाग)

अक्षरे तीच, उच्चार सात! असे का, हा प्रश्न मुलांनीच विचारला. उत्तर इतिहासात आहे. जी-एच ही जोडी एके काळी मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत तेथे घशातून घासून निघणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा ध्वनी होता. 1066 नंतर नॉर्मन लेखनिकांच्या वळणाने तो जी-एच असा लिहिला जाऊ लागला. कालांतराने तो ध्वनी काही शब्दांत लोपला, काहींत ‘फ’ झाला. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले. उच्चार मात्र बदलतच राहिले.

जर्मन भाषेने तो ध्वनी जपला आहे. इंग्रजीतील ‘एट’ तेथे ‘आख्ट’ आहे, ‘डॉटर’ तेथे ‘टॉख्टर’ आहे. हे कूळ आपल्यापर्यंतही येते. संस्कृत अष्ट, पाली अट्ठ, मराठी आठ हे ‘एट’चेच सगोत्र होत. ‘डॉटर’ची बहीण दुहिता; इंग्रजी शब्दात जेथे जी-एच उभे आहे, तेथेच दुहितेमध्ये ‘ह’ आहे. परक्या वाटणाऱ्या त्या मुक्या अक्षरांत आपले दूरचे नाते दडलेले पाहून मुले चकित झाली.

लिपीने काही गोष्टी कानावर सोपविणे आपल्याकडेही आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे. लिहिणे एक, ‘ज’ वेगळा. मराठी मूल येथे चुकत नाही, कारण त्याने हे घरी ऐकलेले असते. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्यांना ‘दो’ आणि ‘टफ’ यांतील भेद असाच फुकट मिळतो. आमच्या मुलांना तो शब्द वेचून, रांगा लावून मिळवावा लागतो. यात बुद्धीची उणीव नाही, फक्त ऐकण्याची आहे. आणि ती भरून काढता येते.

काही दिवसांनी ती मुलगी पुन्हा वाचायला उभी राहिली. ‘थर’पाशी अडखळली. कोणी हसले नाही. मागच्या बाकावरून एवढेच आले, “सातवी रांग.” तिने शब्द नीट उच्चारला आणि पुढे वाचत गेली.

पालकांनो, हा पाठ घरी करून पाहावा. या वेळी ए-यू-जी-एच ही अक्षरे घ्या. आरंभासाठी ‘लाफ’ आणि ‘डॉटर’ देतो. एक वही, एक शब्दकोश आणि मुलाशेजारी अर्धा तास एवढेच पुरे. स्वतःला इंग्रजी येत नसले तरी बसावे. रांगा लावायला दोघे मिळून शिकता येते.